कांदा चाळीतील रास्पबेरी पाय: एका बोर्डाच्या तपासणीचा अनुभव

निफाड तालुक्यात माझ्या मामांची कांदा चाळ आहे आणि त्या चाळीत तापमानाची नोंद ठेवण्याचे काम रास्पबेरी पाय ३ मॉडेल बी हा छोटा संगणक करतो. रब्बीचा कांदा एप्रिल-मे महिन्यांत चाळीत भरला जातो आणि बाजारभाव पाहून दिवाळीच्या सुमारापर्यंत थोडाथोडा बाहेर काढला जातो. साध्या हवेशीर साठवणुकीत तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी, अशी राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस आहे. उन्हाळ्यात बाहेरची हवाच याहून कितीतरी गरम असते, त्यामुळे तापमान राखणे शेतकऱ्याच्या हातात फारसे नसते. मात्र ढिगाच्या एखाद्या भागाचे तापमान शेजारच्या भागापेक्षा वेगळे चढू लागले, की तिथला कांदा सडू लागल्याची शंका वेळेवर घेता येते आणि तेवढा भाग उकरून काढता येतो. माल मोठा असला की ही वेळेवरची सूचना फार मोलाची ठरते, आणि म्हणूनच ती चुकीची मिळणे ही साधी गोष्ट नाही.

यंत्रणेची मूळ जोडणी गावातल्याच दोन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मनापासून केली होती. ढिगात ठिकठिकाणी आठ डीएस१८बी२० तापमान सेन्सर, वेळ राखण्यासाठी डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल, आणि तापमान चढले की मामांच्या मोबाइलवर एसएमएस पाठवण्यासाठी सिम८००एल हा जीएसएम मोडेम, असे तिचे स्वरूप होते. पहिल्या हंगामात तिने चांगले काम दिले. नंतर मेमरी कार्ड खराब झाले म्हणून नव्या कार्डावर कार्यप्रणालीची बुकवर्म ही आवृत्ती बसवण्यात आली, मध्ये एक पावसाळा गेला, आणि त्यापुढे तक्रारी सुरू झाल्या. एसएमएस कधी जाई, कधी जात नसे. लाईट जाऊन आली की नोंदींवर जुनी तारीख पडे. एखादा सेन्सर मध्येच ८५ अंश दाखवी, तर कधी सगळेच्या सगळे शून्य दाखवत. "बोर्डच गेलाय रे, नवा आणून टाक," असे मामांचे म्हणणे होते. "मामा, बोर्ड चालू होतोय ना, मग आधी त्यालाच विचारू," असे सांगून मी तपासणीला सुरुवात केली.

अशा वेळी बहुतेक जण आधी प्रोग्राम उघडतात, कारण तो डोळ्यांसमोर असतो आणि बदलायला सोपा असतो. माझा क्रम उलटा आहे. सर्वांत आधी वीजपुरवठा, मग पिनांची स्थिती, मग त्या पिनांवर बसलेली बस, म्हणजे उपकरणांची सामाईक संदेशवाहिनी, आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा कार्यप्रणालीतला भाग, आणि प्रोग्राम सगळ्यांत शेवटी. खालचा थर डळमळीत असताना वरचा थर दुरुस्त करायला गेले, तर एक दोष दुसऱ्याच्या आड लपतो आणि केलेल्या बदलाने फरक पडला की योगायोगाने बरे झाले, हे कळायला मार्ग राहत नाही.

पुरवठ्याची स्थिती हा बोर्ड स्वतःच सांगतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा दिली की एक हेक्झाडेसिमल (सोळाच्या पायाचा) आकडा मिळतो. शून्य आला तर सर्व ठीक. इथे आला ५०००५. त्यातला उजवीकडचा ५ सांगतो की आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि त्यामुळे प्रोसेसरचा वेग उतरवला गेला आहे. डावीकडचा ५ सांगतो की बोर्ड सुरू झाल्यापासून या दोन्ही गोष्टी निदान एकदा घडून गेल्या आहेत. पाच व्होल्टच्या रेषेवरील व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेले की ही खूण उमटते, आणि बोर्डावरचा लाल दिवाही तेवढ्यापुरता विझतो. मल्टिमीटरपेक्षा माझा या आकड्यावर अधिक विश्वास आहे, कारण मोडेम टॉवरशी बोलताना जे झटके घेतो ते मिलिसेकंदाहूनही लहान असतात आणि मल्टिमीटर त्यांची सरासरीच दाखवतो. डावीकडची खूण मात्र बोर्ड पुन्हा सुरू होईपर्यंत पुसली जात नाही.

कारण शोधायला फार खोल जावे लागले नाही. मोबाइलच्या चार्जरला लांब, बारीक केबल जोडून बोर्ड चालवला होता. अशा केबलच्या दोन्ही तारा मिळून ०.३ ओहम रोध धरला आणि १.५ अँपिअर प्रवाह वाहिला, तर केबलमध्येच ०.४५ व्होल्ट खर्ची पडतात. ५ मधून ते वजा केले की ४.५५ उरतात, म्हणजे मर्यादेच्या खाली. त्यातच मोडेमचा पुरवठा बोर्डाच्याच पाच व्होल्टच्या पिनेवरून एका डायोडमार्फत घेतला होता. सिम८००एल ला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि प्रक्षेपणाच्या झटक्यात तो २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. एसएमएस पाठवण्याच्या नेमक्या क्षणी बोर्ड का अडखळतो, याचे उत्तर तिथेच होते. बोर्डासाठी ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा आणि केबल घट्ट जोडलेला अडॅप्टर घेतला. मोडेमला वेगळे स्टेप-डाऊन मॉड्यूल ४ व्होल्टवर लावून दिले, त्याच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला आणि दोन्ही पुरवठ्यांची ग्राउंड तार एकत्र केली. ही शेवटची गोष्ट राहून गेली, तर बोर्ड आणि मोडेम यांच्यामधल्या सिरियल तारेवरच्या संकेताला संदर्भच उरत नाही. त्यानंतर आकडा शून्यावर आला आणि एसएमएस पाठवतानाही शून्यावरच राहिला.

घड्याळाचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला, पण तो कसा सुटला हे सांगण्यासारखे आहे. रास्पबेरी पाय ३ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. इंटरनेट असेल तर वेळ तिथून मिळते. चाळीत इंटरनेट नाही, म्हणून डीएस३२३१ लावलेले. हे घड्याळ ० ते ४० अंशांच्या दरम्यान दोन पीपीएम (दहा लाखांत दोन) इतके अचूक असते, म्हणजे वर्षाकाठी फार तर मिनिटभर पुढे-मागे. हे घड्याळ आयटूसी नावाच्या दोन तारांच्या बसवर असते. त्या बसवरील उपकरणे शोधणारी 'आयटूसी-डिटेक्ट' ही आज्ञा चालवल्यावर पडद्यावरच्या चौकटीत ५७ आणि ६८ हे दोन पत्ते दिसले. ५७ हा त्याच मॉड्यूलवरील मेमरीचा पत्ता आणि ६८ हा घड्याळाचा. याचा अर्थ तारा बरोबर आहेत, मॉड्यूल जिवंत आहे आणि आयटूसी बसही चालू आहे. परंतु कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, ड्रायव्हरने घड्याळ ताब्यात घेतलेले असते, तर ६८ च्या जागी 'यूयू' ही अक्षरे दिसायला हवी होती. आकडा दिसला आणि 'यूयू' दिसले नाही, एवढ्या एका फरकावरून दोष तारेत नसून मांडणीच्या फाइलमध्ये आहे, हे पक्के झाले.

ती फाइल म्हणजे कॉन्फिग.टीएक्सटी. पूर्वी ती 'बूट' या फोल्डरमध्ये असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून ती 'बूट'मधील 'फर्मवेअर' या आतल्या फोल्डरमध्ये गेली आणि जुन्या जागी त्याच नावाची, 'ही फाइल बदलू नका' अशी सूचना असलेली एक छोटी फाइल ठेवण्यात आली. जो माणूस ती उघडेल त्याला सूचना दिसेल. पण नव्या कार्डावर मांडणी करताना विद्यार्थ्यांची जुनी स्क्रिप्ट चालवली गेली होती आणि स्क्रिप्ट फाइल वाचत नाही, तिच्या शेवटी ओळ जोडून मोकळी होते. घड्याळाची ओव्हरलेची ओळ (बोर्डाला कोणते उपकरण जोडले आहे हे सांगणारी), म्हणजे 'डीटीओव्हरले=आयटूसी-आरटीसी,डीएस३२३१', त्या जुन्या जागी शांतपणे पडून होती. आयटूसी मात्र कार्यप्रणालीच्या मांडणीच्या मेनूवरून चालू केले असल्याने त्याची ओळ योग्य फाइलमध्ये गेली होती. म्हणून बस चालू आणि ड्रायव्हर नाही, असा प्रकार झाला होता. ओळ योग्य फाइलमध्ये हलवली. हलवतानाही एक काळजी घ्यावी लागते: या फाइलमध्ये चौकटी कंसात बोर्डाच्या प्रकाराचे नाव लिहून विभाग पाडलेले असतात, आणि 'सीएम४' सारख्या विभागाखाली लिहिलेली ओळ पाय ३ वर वाचलीच जात नाही. सर्व बोर्डांसाठीच्या 'ऑल' या विभागाखालीच ओळ जायला हवी. बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर ६८ च्या जागी 'यूयू' आले. शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवणारे 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' हे पॅकेज काढून टाकले, कारण खरे घड्याळ असताना ते नुसता घोळ घालते.

या मॉड्यूलबाबत आणखी एक गोष्ट पाहिली आणि ती ठीक निघाली, तरी ती सांगितली पाहिजे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करण्याचे सर्किट असते, आणि लोक त्यात बहुधा चार्ज न होणारी सीआर२०३२ बॅटरी घालतात. मॉड्यूलला पाच व्होल्ट दिले तर त्या बॅटरीत प्रवाह ढकलला जातो, जे धोक्याचे आहे. शिवाय मॉड्यूलवरील पुल-अप रेझिस्टर आयटूसीच्या तारा पाच व्होल्टकडे ओढतात आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या पलीकडे सहन करत नाहीत. म्हणून हे मॉड्यूल पहिल्या क्रमांकाच्या पिनेवरून, म्हणजे ३.३ व्होल्टवरच चालवावे. विद्यार्थ्यांनी ते तसेच जोडले होते आणि त्यासाठी त्यांचे कौतुक केले पाहिजे.

मोडेमचे दुखणे पुरवठा सुधारल्यावर अर्धे कमी झाले, अर्धे राहिले. प्रोग्राम 'एटी' ही आज्ञा पाठवी आणि 'ओके' यायच्या ऐवजी कधी नुसते 'के' येई, तर कधी काहीच येत नसे. अशा तुटक उत्तराला लोक चटकन 'बॉड रेट (सिरियल संदेशाचा वेग) चुकला' म्हणतात. पण बॉड रेट चुकला तर अक्षरे विचित्र येतात. इथे अक्षरे बरोबर होती, फक्त कमी होती. मी कार्यप्रणालीच्या नोंदी चाळल्या आणि तिथे एक विलक्षण गोष्ट दिसली: बोर्डाला ना कीबोर्ड, ना पडदा, आणि तरीही 'टीटीवायएस०' या सिरियल पोर्टवरून कोणीतरी लॉगिन करण्याचा प्रयत्न करत असून तो फसत असल्याच्या ओळींमागून ओळी होत्या.

तो 'कोणीतरी' म्हणजे मोडेमच होता. सीएमडीलाइन.टीएक्सटी या फाइलमध्ये सिरियल पोर्टला कन्सोल, म्हणजे संगणकाला आज्ञा देण्याची जागा, म्हणून नेमणारा 'कन्सोल=सिरियल०,११५२००' हा तुकडा राहिलेला होता. तो असला की कार्यप्रणाली त्या पोर्टवर लॉगिनची विचारणा करणारी सेवा आपोआप सुरू करते. सेवेने 'लॉगिन' असे लिहिले की ते मोडेमकडे जाई. मोडेमची मूळची सवय आलेली अक्षरे जशीच्या तशी परत पाठवण्याची. ती परत आलेली अक्षरे सेवा नाव म्हणून स्वीकारी, मग पासवर्ड विचारी, आणि हे चक्र चालूच राही. त्याच वेळी आपला प्रोग्रामही त्याच पोर्टवरून वाचत असे. एकाच पाटाचे पाणी दोघांनी आपापल्या वाफ्यात वळवावे, तशी मोडेमकडून येणारी अक्षरे दोघांत वाटली जात होती. 'ओके'मधला 'ओ' लॉगिनच्या सेवेने घेतला की प्रोग्रामच्या वाट्याला 'के' उरे. मेनूमधून सिरियलवरील लॉगिन बंद करून सिरियल पोर्ट तेवढा चालू ठेवला, की हा तुकडा फाइलमधून निघतो. हाताने काढायचा असल्यास ही संपूर्ण फाइल एकाच ओळीत राहिली पाहिजे याचे भान ठेवावे.

इथे थांबले असते तरी बहुधा चालले असते, परंतु पिनांची स्थिती पाहिल्याशिवाय मला समाधान वाटले नाही. 'पिनसीटीआरएल गेट १४,१५' असे विचारल्यावर दोन्ही पिना 'ए५' या स्थितीत, 'टीएक्सडी१' आणि 'आरएक्सडी१' म्हणून दिसल्या. याचा अर्थ मोडेम मिनी यूआर्टवर बसला होता; यूआर्ट म्हणजे चिपमधला सिरियल संदेश सांभाळणारा भाग. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या पाय ३ मध्ये ब्लूटूथ बोर्डावरच आले आणि पीएल०११ हा पूर्ण क्षमतेचा यूआर्ट त्या ब्लूटूथकडे गेला. बाहेरच्या पिनांवर मिनी यूआर्ट उरला. मिनी यूआर्टचा वेग प्रोसेसरच्या मुख्य भागाच्या घड्याळावर बांधलेला असतो. त्या घड्याळाची २५० मेगाहर्ट्झ ही गती धरून ९६०० बॉड ठरवला आणि पुढे गती ४०० झाली, तर तारेवरचा प्रत्यक्ष वेग १५३६० होतो. 'इनेबल_यूआर्ट=१' या ओळीमुळे ही गती एका जागी बांधली जाते, आणि ती ओळ इथे होती. तरीही चाळीत ब्लूटूथचा काडीचाही उपयोग नाही आणि चांगला यूआर्ट मोकळा करून घेणे एका ओळीचे काम आहे. 'डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी' ही ओळ घातली, ब्लूटूथची सेवा बंद केली, आणि पुन्हा विचारल्यावर त्याच पिना 'ए०' स्थितीत, 'टीएक्सडी०' आणि 'आरएक्सडी०' म्हणून दिसल्या. त्यानंतर मोडेमने उत्तर देण्यात कसूर केली नाही.

आता राहिले सेन्सर, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. डीएस१८बी२० तीन तारांचा असतो: पुरवठा, ग्राउंड आणि डेटा. कितीही सेन्सर एकाच डेटा तारेवर बसू शकतात, कारण प्रत्येकात कारखान्यातच कोरलेला ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक असतो. ओव्हरलेमध्ये वेगळे काही सांगितले नाही, तर ही तार जीपीआयओ ४ (हा चिपच्या हिशेबातला पिनेचा क्रमांक) वर अपेक्षित असते, आणि जीपीआयओ ४ म्हणजे बोर्डावरची सातव्या क्रमांकाची पिन; हे दोन क्रमांक वेगळे आहेत, हे नव्याने हात घालणाऱ्यांना आवर्जून सांगावे लागते. सेन्सरांच्या यादीत '२८'ने सुरू होणारी आठ नावे दिसायला हवीत. इथे आठही दिसत होती, पण मधूनमधून '००'ने सुरू होणारी, अस्तित्वातच नसलेल्या सेन्सरांची नावेही उगवत होती. डेटा तार वर ओढणारा रेझिस्टर नसला किंवा तारेवर गोंगाट असला, की अशी भुते यादीत येतात. रेझिस्टर जागेवर होता, ४.७ किलोओहमचा. म्हणून मी तार कशी फिरवली आहे ते पाहायला चाळीत शिरलो.

मध्यावरच्या जंक्शन बॉक्समधून आठ फांद्या आठ दिशांना गेल्या होत्या. घरातल्या वायरिंगला ही पद्धत शोभते, या बसला नाही. प्रत्येक फांदीच्या टोकावरून संकेत परत उसळतो आणि मुख्य संकेतात मिसळतो. फांद्या लांब असल्या की बिटे चुकीची वाचली जातात. एकच केबल पहिल्या सेन्सरपासून आठव्यापर्यंत सलग जावी आणि प्रत्येक सेन्सरचा देठ जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवावा, हे योग्य. नेटवर्कची कॅट-५ केबल घेऊन डेटा आणि ग्राउंड एकाच पिळाच्या जोडीत ठेवले, ढिगाच्या तळाशी पुरलेले दोन सेन्सर सोडून बाकीच्यांना ती सलग फिरवली, आणि रेझिस्टर २.२ किलोओहमचा केला. त्यातून तार खाली ओढताना सेन्सरला जेमतेम १.५ मिलिअँपिअर पेलावे लागतात आणि तो ४ पेलू शकतो, म्हणजे यात धोका नाही. भुते यादीतून गेली.

८५ अंशांचे कारण वेगळे निघाले. वीज मिळाल्यावर पहिले मोजमाप पूर्ण होईपर्यंत या सेन्सरच्या आत ८५ हाच आकडा भरलेला असतो. म्हणून ८५ दिसले याचा अर्थ तापमान चढले असा नसतो. मोजमाप झालेच नाही, असा असतो. सर्वांत टोकाच्या सेन्सरची लाल तार पिळून वर टेप गुंडाळलेली होती. टेप सोडवली तर तांबे हिरवे पडलेले आणि तार हलवताच सुटणारी. पुरवठा तुटला तरी हा सेन्सर डेटा तारेतून थोडीशी वीज घेऊन आपला क्रमांक सांगू शकतो, त्यामुळे यादीत तो हजर दिसतो. प्रत्यक्ष मोजायला मात्र त्याला दीड मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागतो, तो मिळत नाही, आणि मग ८५ परत येते. हाताला लागणारे सगळे सांधे सोल्डर करून त्यांवर श्रिंक स्लीव्ह चढवली.

शून्याचा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो. सेन्सरच्या फाइलमधील पहिल्या ओळीत नऊ बाइट आणि शेवटी ते बरोबर पोहोचले का याच्या तपासणीचा निकाल 'येस' किंवा 'नो' असा येतो, आणि बहुतेक प्रोग्राम 'येस' पाहून पुढच्या ओळीतले तापमान खरे मानतात. डेटा तार ओलाव्यामुळे ग्राउंडला चिकटली, तर नऊही बाइट शून्य वाचले जातात. आणि सगळ्या शून्यांची तपासणी-बेरीजही शून्यच येत असल्यामुळे निकाल 'येस' लागतो आणि तापमान शून्य अंश म्हणून नोंदले जाते. पावसाळी रात्री ढीग तापत असला, तरी यंत्रणा शून्य अंश नोंदवत निर्धास्त बसणार आणि मामांना एसएमएस जाणार नाही. इथे मात्र प्रोग्रामला हात लावावा लागला. नऊही बाइट शून्य असतील किंवा नेमके ८५ आले असेल, तर ती नोंद टाकून द्यायची, आणि असे सलग काही वेळा झाले तर 'सेन्सर तपासा' असा वेगळा एसएमएस पाठवायचा, एवढा बदल केला. ओलावा शिरत होता तो जंक्शन बॉक्स पत्र्याच्या पन्हाळीखाली होता. तो हलवून केबलची भोके खालच्या बाजूला घेतली.

कॉन्फिग.टीएक्सटीमधील आपल्या प्रत्येक ओळीच्या वर, ती कशासाठी आहे आणि कोणत्या पिनेवर काय जोडले आहे, हे लिहून ठेवले, आणि तिची प्रत मामांच्या मुलाकडे वेगळ्या कार्डावर दिली. ढिगाच्या तळाशी पुरलेले दोन सेन्सर कांदा भरलेला असल्यामुळे जुन्याच केबलवर आहेत. ते सध्या नीट वाचले जात आहेत, आणि चाळ रिकामी झाली की त्यांचीही केबल बदलायची आहे.